एल्वियाच्या स्वयंपाकघरातलं शूटिंग

क्रूस देल एखे गावात ज्याला टोपणनाव नाही, तो माणूस खरंच जन्मला का, अशी लोकांना शंका येते. यानिना मोयानोचं टोपणनाव होतं ‘पुढच्यावर्षी’. ती कॉर्दोबा शहरात राहून तिथल्या सरकारी विद्यापीठात सिनेमाची पदवी घेत होती, आणि गावात कुणीही “काय गं, कधी संपतंय?” असं विचारलं की “पुढच्या वर्षी” म्हणून मोकळी व्हायची. सुरुवातीला लोकांनी ते खरं मानलं. मग एका सकाळी बेकरीवाल्याने दुकानातून हाक मारली, “ए पुढच्यावर्षी, पाव गरम आहेत!” आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच.

आळशी मात्र ती नव्हती. शनिवारी रात्री ती मुलींच्या पंधराव्या वाढदिवसांचं शूटिंग करायची; आमच्याकडे हा वाढदिवस लग्नासारखा साजरा होतो. गुलाबी झगे, बापाबरोबरचा पहिला नाच, कोपऱ्यात डोळे पुसणाऱ्या मावश्या, हे सगळं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बाप नाचता नाचता कुठे रडणार हे तिला आधीच कळायचं आणि कॅमेरा तिथे तयार असायचा. आठवड्याचे मधले दिवस विद्यापीठाचे. तिथे वर्गात माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असतं, अर्धी मुलं जमिनीवर बसलेली असतात, आणि खिडकीतून बाहेर बघणाऱ्या बाईच्या एका शॉटवर तासभर वाद चालतो. बाहेरच्या माणसाला हे रिकामटेकड्यांचे उद्योग वाटतील. यानिनाला ते जग मनापासून आवडायचं. सगळे विषय तिने पास केले होते. राहिला होता तो शेवटचा पदवीचा चित्रपट. तो करायचा, परीक्षकांना दाखवायचा, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, की झालं. आणि नेमकं तेवढंच होत नव्हतं.

कारणं काही कमी नव्हती. पहिल्या पटकथेत तिने घोडे घातले होते, आणि घोड्यांचा खर्च परवडेना. दुसऱ्या वेळी बरोबरची मैत्रीण ऐन शूटिंगच्या तोंडावर स्पेनला निघून गेली. तिसरी पटकथा तिने स्वतःच फाडली, कारण ती आजीच्या हातांवर होती. आमच्या त्या विभागात दर वर्षी आजीच्या हातांवर निदान पाच-सहा चित्रपट होतात. आज्यांचा साठा काही संपत नाही, पण परीक्षकांचा धीर संपतो.

मग एका मार्चमध्ये विभागाच्या फळ्यावर सूचना लागली. जुना अभ्यासक्रम बंद होत होता. डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत ज्यांचा चित्रपट होणार नाही त्यांना नव्या अभ्यासक्रमात जावं लागणार होतं, आणि नव्यात ढीगभर नवे विषय. यानिना तेव्हा छत्तिशीची होती. कोवळ्या पोरांबरोबर पुन्हा जमिनीवर बसून चित्रपटाचा इतिहास पहिल्यापासून शिकणं तिला जमणारं नव्हतं, आणि ते तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. या डिसेंबरला पदवी मिळाली तर मिळाली. नाही तर कायमची हुकली.

तिच्या मार्गदर्शक फारिआसबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सूचना वाचून आलेल्या यानिनाचा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, “घोडे नकोत. एक खोली, एक माणूस, एक दुपार. तेवढंच कर आणि नीट कर.”

यानिनाने तसंच लिहिलं. एक विधुर म्हातारा. रविवारची दुपार. मुलगा जेवायला येणार म्हणून म्हातारा पास्ता करतो, टेबलावर दोन ताटं मांडतो. फोन वाजतो. मुलगा येत नाही. म्हातारा एकटा जेवतो. संपलं. खोली म्हणून तिला आपल्या आईबापाचं स्वयंपाकघर आठवलं, आणि माणूस म्हणून बाप. रोसेंदो मोयानोने जन्मभर ऑलिव्हच्या घाण्यावर काम केलं होतं. त्याचा चेहरा कॅमेऱ्यासाठीच घडवल्यासारखा होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तिने घरी फोन लावला. फोन आईने घेतला.

“बापाला घेणार चित्रपटात? या म्हाताऱ्याला?” एल्विया म्हणाली. “बरं, घे. आणि मी काय करायचं?”

“तू यात नाहीस आई. तो विधुर आहे.”

“म्हणजे मला मारलंस.”

“अगं, गोष्ट आहे ती.”

“हो ना, गोष्टीत मारलंस. निदान कशाने गेले ते तरी सांग.”

“ते चित्रपटात सांगत नाहीत.”

“ऐकलंस का रे म्हाताऱ्या,” एल्विया फोन बाजूला धरून ओरडली, “पोरीने मला मारलं, आणि कारणसुद्धा दिलं नाही!”

आमच्याकडे ऑगस्टात थंडी असते; त्या थंडीत पहिलं शूटिंग झालं. यानिनाबरोबर कॅमेऱ्याला तिचा जुना वर्गमित्र आला होता. त्याला सगळे घुबड म्हणायचे, कारण विद्यार्थी असताना तो सकाळच्या तासांना डोळे उघडे ठेवून झोपायचा. त्याची पदवी केव्हाच झाली होती, तो निव्वळ मैत्रीखातर आला होता. आवाजाचं यानिना स्वतः बघणार होती. तिने आल्या आल्या फ्रिजची घरघर नको म्हणून फ्रिज मागच्या पडवीत काढला आणि टिकटिक नको म्हणून भिंतीवरच्या घड्याळातली बॅटरी काढली.

अडचण निघाली ती रोसेंदोची. हा माणूस कुठलीही गोष्ट एकदाच सांगायचा. घाण्यावरही त्याची तीच ख्याती होती. त्याला फोनवर एकच वाक्य होतं: “बरं, मग पुढच्या रविवारी ये.” पहिल्या टेकला त्याने ते असं म्हटलं की घुबड कॅमेऱ्यामागे खरोखर जागा झाला. पण यानिनाला तेच आता जवळून हवं होतं.

“पुन्हा म्हण बाबा.”

“आत्ता तर म्हटलं.”

“हो, पण आता कॅमेरा इकडून आहे.”

“कॅमेरा तिकडून असताना त्याला ऐकू आलं नाही?”

शेवटी तो तयार झाला, फोन कानाला लावला, आणि कॅमेरा सुरू झाल्यावर शांतपणे म्हणाला, “मघाशी सांगितलं तेच.” एल्विया दाराआड तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रनचा बोळा कोंबून हसत होती. यानिनाही हसली. तो दिवस सगळ्यांचाच चांगला गेला, आणि हळूहळू म्हातारा दुसऱ्यांदा म्हणायलाही शिकला.

संध्याकाळी घुबडाने एल्वियाला बोलावून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्रं दाखवली. “बघा डोन्या एल्विया, काय भिंत आलीय! ही फिकी हिरवी, हे पोपडे, हा चुलीमागचा धुराचा काळा डाग. असली भिंत पैसे टाकून मिळत नाही.” वडीलधाऱ्या बाईला मानाने डोन्या म्हणतात, आणि तो अगदी मनापासून बोलत होता. एल्वियाने पडद्याकडे बघितलं. आपलं स्वयंपाकघर तिने याआधी कधी बाहेरून बघितलंच नव्हतं. “पास्ता उतू जाईल,” असं पुटपुटत ती उठून गेली. चुलीवर तेव्हा काहीच नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

अर्धा चित्रपट झाला होता. उरलेला अर्धा, म्हणजे ताटं मांडणं आणि एकट्याने जेवणं, दोन आठवड्यांनी करायचा होता. यानिना आणि घुबड पुन्हा बसने आले, सामान उचलून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले, आणि दोघेही दारातच थिजले.

भिंत खरबुजी रंगाची झाली होती. गुळगुळीत, चकचकीत, एकही पोपडा नाही. चुलीमागचा धूर गेला होता. खिडकीला नवा पडदा होता. एल्विया मधोमध उभी होती, हातावर अजून रंगाचे शिंतोडे होते, आणि पंधराव्या वाढदिवसाच्या मुलीच्या आईचा असतो तसा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

“कसं दिसतंय?” तिने विचारलं.

“आई, हे काय केलंस?”

“रंग काढला. तुझ्या विद्यापीठातली माणसं बघणार, परीक्षक बघणार. म्हटलं, मोयानोंचं घर जरा बरं दिसू दे.”

“मला ती भिंत हवी होती!” यानिना ओरडली. “अर्ध्या चित्रपटात तीच भिंत आहे! आता बाबा हिरव्या भिंतीपुढे पास्ता करणार आणि खरबुजी भिंतीपुढे जेवणार? सगळं घालवलंस. डिसेंबर, पदवी, सगळं!”

एल्वियाचा चेहरा उतरला. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. “तुला हवी होती? मला नको होती. मी आयुष्यभर त्या भिंतीकडे बघत भांडी घासली. दर वर्षी म्हणायची, यंदा रंग काढू. तू दोन दिवस बघितलीस आणि म्हणे काय सुंदर. सुंदर कसली? घाण होती ती. आणि तीच घाण तू चारचौघांत मोठी करून दाखवणार, मोयानोंची म्हणून.”

यानिनाला आईचं पटलं होतं, आणि तरी भिंत हवीच होती. अशा वेळी माणूस जे करतो तेच तिने केलं. ती अंगणात जाऊन माते पीत बसली, तेही इतकं कडू की घुबडाने तोंड वाकडं केलं.

थोड्या वेळाने घुबड म्हणाला, “भिंत परत करता येईल. फोटो आहेत माझ्याकडे. सिनेमात नवी भिंत जुनी करतातच की.”

“आईच्या डोळ्यांदेखत?”

“मग दुसरं काय करतेस, सांग.”

दुसरं काहीच नव्हतं. गावातल्या दुकानातून फिका हिरवा रंग आला. चुलीमागची एकच भिंत चित्रात दिसत होती, तिच्यावर त्यांनी तो पातळ करून मारला, सुकल्यावर पातेल्याच्या घासणीने खरवडला, मग मातेच्या चोथ्याचं पाणी, कॉफी, ओली माती, जे सापडेल ते लावलं. रोसेंदो खुर्ची टाकून बघत बसला होता. एल्विया खोलीत दार लावून पडली होती.

पण चुलीवरचा धूर काही जमेना. कॉफीचा डाग कॉफीचाच दिसायचा. घुबड तिसऱ्यांदा पुसत होता तेव्हा खोलीचं दार उघडलं. एल्विया आली, चुलीचं लोखंडी धुराडं खाली ओढलं, आतली काजळी एका वाडग्यात खरवडून काढली आणि वाडगा मुलीपुढे धरला.

“घे. खरी हवी ना? ही खरी आहे.”

“आई, तू राहू दे.”

“राहू दे काय? मला मारलंसच आहे, आता लाज कसली?” असं म्हणून तिने बोटं वाडग्यात बुडवली आणि आपल्याच नव्या भिंतीवर ओढली. पहिला हात वाकडा गेला. दुसरा बरा गेला. मग तिने फोटो मागून घेतला, लांब जाऊन भिंत बघितली, जवळ येऊन एक कोपरा आणखी काळा केला. तासाभरात ती घुबडाला सांगत होती, “अरे, तिथे जास्त झालं, पुस ते.” यानिनाला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि एल्वियाने काजळीच्याच हाताने तिला थोपटलं.

दुसऱ्या दिवशी उरलेला भाग चित्रित झाला. पण या खेपेला यानिना पोळली होती. जाताना तिने आईबापाला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि बोट नाचवत सांगितलं, “मी सांगेपर्यंत इथली एकही वस्तू हलवायची नाही. भिंत नाही, पडदा नाही, चमचासुद्धा नाही. एखादा शॉट पुन्हा घ्यावा लागला तर सगळं असंच हवं. कळलं?”

“कळलं,” एल्विया म्हणाली. रोसेंदोने नुसती मान हलवली.

सिनेमाच्या धंद्यात हे रोजचंच आहे. दिग्दर्शक ‘झालं’ म्हणेपर्यंत सेटला कुणी हात लावत नाही. आणि ते ‘झालं’ म्हणायला यानिना साफ विसरली. कॉर्दोबाला गेल्यावर संकलन सुरू झालं, वसंत आला तसे पंधरावे वाढदिवस वाढले, एकेका शनिवारी दोन-दोन. रविवारी ती घरी जेवायला जाते असं कित्येक वर्षांपासून ठरलेलं होतं, पण आधीसारखंच आताही रविवारी अंग मोडून आलेलं असायचं. मग ती दुपारी बाराच्या सुमाराला फोन करायची आणि पुढच्या रविवारी नक्की येते म्हणायची. फोनवर आई म्हणायची, सगळं ठीक आहे, उकाडा वाढलाय, बापाचे गुडघे तेच रडगाणं गातात. एवढंच.

नोव्हेंबरमध्ये तिने चित्रपट जोडून फारिआसबाईंना दाखवला. बाईंनी तो शेवटपर्यंत बघितला, मग मागे नेऊन पुन्हा बघितला.

“चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पण दुसरं ताट कुठे गेलं?”

“कुठलं?”

“तो दोन ताटं मांडतो. फोन येतो. मग तो जेवतो तेव्हा टेबलावर एकच ताट आहे. मध्ये ते कोणी उचललं?”

ताट यानिनानेच उचललं होतं, जेवणाचा शॉट घेण्याआधी, आपल्या हाताने. ते उचलतानाचा शॉट घ्यायचा राहून गेला होता. इतके महिने ती ते दृश्य बघत होती आणि तिला दिसलं नव्हतं.

“बाई, तो शॉट न घेता चालणार नाही?”

“परीक्षक हेच विचारतील. आणि खरं सांगू? तुझा सगळा चित्रपट त्या ताटातच आहे. तेच तू गाळलंस.”

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. आता स्वयंपाकघर कसलं उरलंय? आईने काजळी एका दिवसात पुसली असणार, भिंत परत खरबुजी झाली असणार. घरी फोन करून विचारायची तिला हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर आईला पुन्हा भिंत काळी करायला सांगावं लागलं असतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तिने घुबडाला उठवलं, हिरवा रंग आणि कॉफीची पुडी पिशवीत टाकली, आणि दोघे शनिवारच्या बसने निघाले. वाटभर ती आईची माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत होती.

क्रूस देल एखेला पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. घराच्या मागे द्राक्षाच्या मांडवाखालून धूर येत होता. यानिना वळसा घालून गेली तर एल्विया तीन दगड मांडून त्यांवर पातेलं ठेवून फुंकर घालत होती, घामाने निथळलेली. पडवीत फ्रिज होता. त्याच्या शेजारी एका पेटीवर कपबशा, मीठ, तेलाची बाटली, भांडी, शेजारून मागून आणलेला सगळा संसार मांडलेला होता.

“आई! या उन्हात बाहेर का स्वयंपाक करतेस?”

एल्वियाने वर बघितलं. “मग कुठे करू? आत शूटिंग आहे.”

यानिनाला आधी काही कळेना. मग ती धावत स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. दाराला कुलूप होतं. रोसेंदोने खिशातून किल्ली काढून ते उघडलं. आत सगळं तसंच होतं. हिरवी भिंत, तिच्यावरची काजळी, ऑगस्टचं पान असलेलं कॅलेंडर, बंद घड्याळ, टेबलाच्या कडेला वाकडा राहिलेला काटा. धूळ बसू नये म्हणून टेबलावर तेवढी जाळीची चादर टाकली होती.

“बापाचे केससुद्धा बघ,” एल्विया मागून म्हणाली. “घुबडाने काढलेला फोटो समोर ठेवून दर महिन्याला तेवढेच कापते. एक केस इकडचा तिकडे नाही.”

“पण आई, मी विसरले होते! तुम्ही विचारायचं नाही का? फोनवर एकदा तरी?”

“विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, आम्हाला स्वयंपाकघर परत हवंय म्हणून घाई करतोय. तुझी पदवी व्हायचीय. आम्हाला काय, मांडवाखाली वारा असतो.”

मांडवाखाली वारा नव्हता, ते सगळ्यांनाच दिसत होतं. यानिनाला स्वतःची इतकी लाज वाटली की ती आईच्या गळ्यात पडून रडली. घुबड कॅमेऱ्याच्या काचा पुसत बसला. त्या स्वच्छ होत्या.

मग काम सुरू झालं. यानिनाने टेबलावर दोन ताटं मांडली, बापाला खुर्चीत बसवलं आणि समजावलं, “बाबा, फोन झालाय. मुलगा येत नाही. तू उठतोस, दुसरं ताट उचलतोस आणि फडताळात ठेवतोस. बस, तेवढंच.”

“माहीत आहे,” रोसेंदो म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. म्हातारा उठला, दुसरं ताट घेतलं. त्याला कुणाचा हात लागला नव्हता, तरी त्याने ते फडक्याने पुसलं, आधी वरून, मग खालून. फडताळ उघडलं. पण ताट त्याने थप्पीवर ठेवलं नाही. वरची सगळी ताटं एका हाताने उचलली, हे सगळ्यांत खाली सरकवलं आणि वरून ती परत ठेवली. मग दार लावून तो जागेवर येऊन बसला.

यानिना थांब म्हणायचंही विसरली. शेवटी घुबडानेच कॅमेरा बंद केला.

“बाबा, खाली का ठेवलंस?”

“वर ठेवलं की दिसत राहतं.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

रोसेंदोला प्रश्नच कळला नाही. उत्तर एल्वियाने दिलं, दारातून, अगदी साध्या आवाजात. “त्याला कोण सांगणार? दर रविवारी तेच करतो, आधी या फडताळात, आता बाहेर पेटीवरच्या थप्पीत. तू बारा वाजता फोन करतेस गं. तोवर आमचं टेबल मांडून झालेलं असतं.”

ही गोष्ट यानिनाने किती दिवस बसून रचली होती. म्हातारा, दोन ताटं, फोन, येणार नाही म्हणणारा मुलगा. फारिआसबाईंना ती म्हणाली होती की हे सगळं काल्पनिक आहे, आणि तसं तिला खरंच वाटत होतं. गोष्टीत तिने फक्त मुलीचा मुलगा केला होता.

“आणखी एकदा करायचं?” रोसेंदोने विचारलं. जन्मात पहिल्यांदाच त्याने हे आपणहून विचारलं होतं.

“नको बाबा,” ती म्हणाली. “झालं. सगळं झालं. आई, शूटिंग संपलं.”

एल्वियाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ती आत आली आणि पहिल्याप्रथम तिने चूल पेटवली.

डिसेंबरच्या परीक्षेला रोसेंदो आणि एल्विया सगळ्यांत पुढच्या रांगेत बसले होते, रोसेंदो कोट घालून, एवढ्या उकाड्यात. दिवे मालवले, चित्रपट सुरू झाला. भिंत दिसली तेव्हा एल्विया शेजारच्या अनोळखी मुलीच्या कानाशी लागून म्हणाली, “आमचं घर एवढं काळं नाहीये हं. ती काजळी आम्ही लावलीय. तो डावीकडचा कोपरा माझा.” अर्ध्या सभागृहाला ते ऐकू गेलं.

दिवे लागल्यावर परीक्षकांपैकी एका वयस्कर गृहस्थांनी चष्मा सारखा केला. “ताट थप्पीच्या खाली ठेवण्याची कल्पना,” ते म्हणाले, “पटकथेत होती, की चित्रीकरणाच्या वेळी सुचली?”

यानिनाने उत्तरं पाठ करून आणली होती. भिंतीवर, प्रकाशावर, शांततेवर. त्यातलं एकही इथे चालणार नव्हतं.

“ती माझी कल्पना नाही,” ती म्हणाली. “माझे वडील रविवारी तसंच करतात. मी जेवायला येणार म्हणते आणि येत नाही, म्हणून. मला ते माहीत नव्हतं. कॅमेऱ्यातून बघितलं तेव्हा कळलं.”

गृहस्थांनी प्रश्नांचा कागद उलटा करून ठेवला. फारिआसबाई खिडकीकडे बघत होत्या. थोड्या वेळाने गुण सांगितले गेले, चांगले होते, टाळ्या झाल्या, आणि यानिना मोयानो पदवीधर झाली.

बाहेर पायऱ्यांवर मंडळी दबा धरून होतीच. पदवी मिळाली की आमच्याकडे माणसाला कोरडं घरी जाऊ देत नाहीत. पीठ, मोहरीची चटणी, व्हिनेगर, कुणाच्या तरी घरचा शिळा रस्सा, सगळं तिच्या अंगावर आलं. घुबड तर पिठाची अख्खी पिशवी घेऊन पायऱ्यांच्या वर उभा होता. शेवटी अंडी उरली, आणि पहिलं अंडं आईचं असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं. कुणीतरी ते एल्वियाच्या हातात दिलं.

एल्वियाने अन्न कधी फेकलं नव्हतं. ती अंडं हातात धरून लेकीपुढे उभी राहिली आणि तशीच उभी राहिली.

“आई, फेक ना! सगळे थांबलेत.”

“थांबू देत. मला आधी एक विचारायचंय.” पायऱ्यांवरची गडबड कमी झाली. “पदवी झाली, शूटिंग झालं. आता रविवारी तू येणार, की फोन येणार?”

“डोन्या, हातात अंडं घेऊन विचारता?” घुबड वरून म्हणाला. “ही तर धमकी झाली.”

“तू गप रे.” एल्वियाने तिकडे बघितलंही नाही. “मी कधी विचारलं नाही. आज विचारते. नाही येणार असशील तर तसं सांग, आम्ही दोनच ताटं मांडू. राग नाही. पण दर आठवड्याला त्याला ते ताट पुसताना मला नाही बघवत आता.”

रोसेंदो बाजूला उभा होता, कोटाचं बटण चाचपत. यानिनाच्या पापण्यांवर पीठ होतं, तोंडात पीठ होतं. शनिवारी तिचं काम होतं, पहाटेपर्यंत चालणारं. पहिली बस सकाळीच निघते, आणि झोप बसमध्येही काढता येते.

“येते,” ती म्हणाली. “या रविवारी. पहिल्या बसने.”

“आणि बारा वाजता?”

“बारा वाजता मी तुमच्या टेबलाशी असेन आई.”

एल्वियाने तिच्याकडे नीट बघून घेतलं. “मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि पुढे येऊन तिने ते अंडं लेकीच्या डोक्याच्या मधोमध फोडलं.